एकाच छपराखाली

सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या गोल्डन गेट पार्कमध्ये ‘कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेस’ ही संस्था आहे. तिच्या आफ्रिका दालनात दोन्ही बाजूंना मोठाल्या काचा आहेत आणि काचांमागे सिंह, झेब्रे, हरणं उभी आहेत. मागे रंगवलेलं माळरान, पायाशी वाळकं गवत. हे सगळे प्राणी केव्हाच मेलेले आहेत. त्यांची कातडी कमावून साच्यांवर चढवलेली आहे. हे दालन पहिल्यांदा उघडलं १९३४ साली. २००८ मध्ये संस्थेची नवी इमारत झाली तेव्हा जुन्या दालनाचं रूप राखूनच ते पुन्हा उभारलं, पण त्याच्या टोकाला आता खडक आणि पाण्याचा मोठा हौद आहे. तिथे आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरचे पेंग्विन राहतात, जिवंत. ते गाढवासारखे ओरडतात, पाण्यात सूर मारतात, आपापल्या जागेवरून एकमेकांशी भांडतात.

मेलेले आणि जिवंत प्राणी असे एका दालनात कशाला ठेवायचे, हा प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर द्यायला हे सगळं प्रकरण लागणार आहे. आपल्याला या गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी बघायची सवय आहे. मुंबईत जिवंत प्राणी बघायचे तर भायखळ्याची राणीची बाग. मासे बघायला मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उभं राहिलं, १९५१ मध्ये. काचेमागचे पक्षी आणि प्राणी छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात. आणि अभ्यासकांसाठी जपलेले हजारो नमुने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कपाटांत, जिथे सामान्य माणूस सहसा जात नाही. चार पत्ते, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध काय हे सांगणारं कुणी नाही.

जगात थोड्या ठिकाणी हे सगळं एकत्र आहे. मोनॅकोच्या राजाने समुद्राकाठच्या कड्यावर बांधलेलं सागरी संग्रहालय १९१० पासून आहे आणि त्याच्या पोटातच मत्स्यालय आहे. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फमध्ये शंखशिंपले जमवणाऱ्या एका औषधविक्रेत्याच्या संग्रहातून वाढत गेलेलं ‘अक्वाझू लोबेके म्युझियम’ आहे. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गमध्ये ‘हाउस डेर नाटूर’ आहे. पण या कल्पनेचं सगळ्यांत भरदार रूप मला सॅन फ्रान्सिस्कोत दिसतं. तिथे निसर्ग-इतिहासाचं संग्रहालय, मत्स्यालय, काचेच्या घुमटातलं वर्षावन आणि तारांगण एकाच इमारतीत आहेत, आणि या सगळ्यांच्या मागे, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या खोल्यांत, सुमारे ४ कोटी ६० लाख नमुने आहेत. माझं म्हणणं असं की या संस्थेचा जीव त्या न दिसणाऱ्या खोल्यांत आहे. ते का, हे तिच्या इतिहासातून कळतं.

अकॅडमीची स्थापना ४ एप्रिल १८५३ ची. कॅलिफोर्नियात सोनं सापडून पाचच वर्षं झाली होती आणि राज्य म्हणून मान्यता मिळून तीन. शहर तंबू, लाकडी घरं, गुत्ते आणि चिखलाचे रस्ते यांचं होतं. अशा गावात सात माणसं एकत्र बसली आणि त्यांनी या भूमीतले प्राणी, वनस्पती, खडक यांची पद्धतशीर नोंद करायची ठरवली. त्याच वर्षी त्यांनी आणखी एक ठराव केला: निसर्ग-इतिहासाच्या प्रत्येक शाखेत स्त्रियांची मदत हवी आहे आणि आम्ही ती आग्रहाने मागत आहोत. १८५३ मध्ये युरोपातल्या बहुतेक नामवंत विद्वत्सभा स्त्रियांना दारातही उभं करत नव्हत्या. हा ठराव कागदावर राहिला नाही. १८८३ मध्ये कॅथरीन ब्रँडेगी वनस्पती विभागाच्या प्रमुख झाल्या, आणि त्यांनी कोलोरॅडोतल्या एका शाळामास्तरणीला बोलावून घेतलं. तिचं नाव अॅलिस ईस्टवूड.

ईस्टवूडबाई कॅनडात टोरांटोला जन्मल्या, १८५९ मध्ये. वनस्पतिशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती. सुट्टीत डोंगर पालथे घालून आणि पुस्तकं वाचून त्या शिकल्या होत्या. अकॅडमीत आल्यावर त्यांनी एक काम असं केलं जे तेव्हाच्या रिवाजाच्या विरुद्ध होतं. कुठल्याही नव्या वनस्पतीचं किंवा प्राण्याचं वर्णन पहिल्यांदा प्रसिद्ध होतं तेव्हा ते ज्या एका विशिष्ट नमुन्यावरून केलेलं असतं त्याला ‘टाइप’ म्हणजे प्रमाण नमुना म्हणतात. पुढे कुणालाही शंका आली, की हीच ती जात का, तर अखेरचा दाखला तो नमुना. पूर्वी हे नमुने बाकीच्या हजारो कागदांमध्येच आपापल्या जागी ठेवलेले असत. बाईंनी ते सगळे वेचून वेगळे केले आणि एका ठिकाणी ठेवले.

१८ एप्रिल १९०६ च्या पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी सॅन फ्रान्सिस्को हादरलं. भूकंपाने जितकं पाडलं त्याहून कितीतरी अधिक नंतरच्या आगींनी जाळलं. तीन हजारांच्या वर माणसं गेली. अकॅडमी तेव्हा मार्केट स्ट्रीटवर होती. बाई तिथे पोचल्या तेव्हा आग जवळ येत होती आणि वर जाणारा दगडी जिना कोसळला होता, पण त्याचा लोखंडी कठडा शिल्लक होता. तेव्हा त्या सत्तेचाळीस वर्षांच्या. एका परिचिताला बरोबर घेऊन त्या कठड्याच्या गजांमध्ये पाय रोवत सहाव्या मजल्यावर चढल्या. प्रमाण नमुने कुठल्या कपाटात आहेत हे शोधावं लागलं नाही. त्यांनी गठ्ठे बांधले आणि दोऱ्या जोडून जोडून एकेक गठ्ठा खाली सोडला. असे सुमारे दीड हजार नमुने वाचले. बाकीचा वनस्पतिसंग्रह जळाला. संस्थेचं ग्रंथालय आणि बहुतेक सगळं प्रदर्शनही गेलं.

त्यांचं स्वतःचं घरही आगीत गेलं. ‘सायन्स’ या नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या नष्ट झालेल्या श्रमांबद्दल शोक केला नाही. विज्ञानाचं नुकसान झालं याचं दुःख आहे, आणि काम करताना जो आनंद मिळाला तो पुन्हा सुरुवात केल्यावर पुन्हा मिळेल, असा त्यांचा सूर होता. आणि त्यांनी खरोखरच सुरुवात केली. नव्वदीला टेकेपर्यंत, म्हणजे १९४९ पर्यंत, त्या तिथे काम करत होत्या आणि जळालेल्या संग्रहाच्या जागी तीन लाखांहून अधिक नमुन्यांचा नवा संग्रह उभा राहिला. वस्तुसंग्रहालयांच्या इतिहासात शूरपणाच्या गोष्टी फार नाहीत. मला ही सर्वांत मोठी वाटते, आणि तिच्यातला मोठेपणा चढण्यात जितका आहे तितकाच आधी वर्षानुवर्षं नमुने निवडून वेगळे ठेवण्यात आहे.

शहर जळत होतं तेव्हा अकॅडमीचं एक शिडाचं जहाज गॅलापागोस बेटांपाशी होतं. त्याचंही नाव ‘अकॅडमी’. जून १९०५ मध्ये ते निघालं होतं. मोहिमेचा प्रमुख रोलो बेक नावाचा पक्षी टिपण्यात निष्णात असलेला माणूस. जहाज नोव्हेंबर १९०६ मध्ये परत आलं, पाऊण लाखाहून अधिक नमुने घेऊन: पक्षी, कीटक, वनस्पती, शंख, आणि अडीचशेहून अधिक महाकाय कासवं. जळून गेलेल्या संस्थेच्या नव्या संग्रहाचा पाया या जहाजातून उतरला.

इथे थांबायला हवं, कारण हा आकडा आज वाचवत नाही. जी कासवं नाहीशी होत चालली आहेत असं ही माणसं म्हणत होती, तीच त्यांनी शेकड्यांनी मारली. त्यांचं समर्थन असं की खलाशी, तेल काढणारे आणि बेटांवर सोडलेली डुकरं-बकऱ्या या कासवांना तशीही संपवणार आहेत, निदान त्यांची नोंद तरी मागे राहावी. त्या काळात हा विचार प्रामाणिक होता यात मला शंका नाही. पण एखाद्या बेटावर एकच कासव दिसतं आणि तेच मारून आणलं जातं, तेव्हा नोंद आणि नाश यांतलं अंतर फार थोडं उरतं. फर्नांदिना या ज्वालामुखीच्या बेटावर नेमकं असंच झालं. १९०६ मध्ये बेकला तिथे एक मोठा नर मिळाला. त्याच्या पाठीच्या कवचाच्या कडा बाहेर पसरलेल्या होत्या, इतर बेटांवरच्या कासवांहून निराळ्या. त्या एका नमुन्यावरून नवी जात ठरवली गेली. त्यानंतर त्या बेटावर कुणालाच कासव सापडलं नाही, आणि ही जात संपली असं सगळ्यांनी धरून चाललं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये फर्नांदिनावर लाव्हाच्या पसाऱ्यात, झाडोऱ्याच्या एका लहान तुकड्यात, एक मादी सापडली. वय पन्नाशीच्या पुढचं. पण तिच्या कवचाच्या कडा बेकच्या नरासारख्या पसरलेल्या नव्हत्या, त्यामुळे तज्ज्ञांना शंका आली. खलाशी पूर्वी कासवं जहाजावर खाण्यासाठी नेत आणि नको तेव्हा कुठेही टाकून देत. ही मादी दुसऱ्याच बेटावरच्या कासवांची वंशज असू शकत होती. मग शास्त्रज्ञांनी तिच्या रक्तातला डीएनए घेतला आणि अकॅडमीच्या संग्रहातल्या त्या एकमेव नराच्या हाडांतला डीएनए काढला. दोन्ही एकाच घराण्यातले निघाले, आणि बाकी सगळ्या बेटांवरच्या कासवांपासून वेगळे. हे संशोधन २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. मादीचं नाव ‘फर्नांडा’ ठेवलं आहे. ती सांताक्रुझ बेटावरच्या कासव-संवर्धन केंद्रात आहे आणि तिच्यासाठी जोडीदार शोधण्याची खटपट झाली आहे.

१९०६ मध्ये डीएनए हा शब्दही लोकांना ठाऊक नव्हता. बेकने जपलेलं हाड ११६ वर्षांनी कुठल्या प्रश्नाचं उत्तर देईल याची त्याला कल्पना असणं शक्य नव्हतं. संग्रहाचं मोल असं असतं. तो आजच्या प्रश्नासाठी जमवतात, पण उपयोगी पडतो तो अजून कुणी विचारलेल्या नसलेल्या प्रश्नाला. पक्ष्यांच्या अंड्यांचं तसंच झालं. छंद म्हणून लोकांनी जमवलेली जुनी अंडी संग्रहालयांत पडून होती. १९६० च्या दशकात ससाणे आणि गरुड झपाट्याने कमी व्हायला लागले तेव्हा इंग्लंड-अमेरिकेतल्या अभ्यासकांनी ही जुनी कवचं तोलून-मोजून नव्या कवचांशी ताडली. दुसऱ्या महायुद्धानंतर, म्हणजे डीडीटी वापरात आल्यानंतर, कवच पातळ झालेलं होतं. अंडी घरट्यातच फुटत होती. जुनी अंडी नसती तर तुलना कशाशी करणार?

मत्स्यालय अकॅडमीकडे आलं ते पुढे, १९२३ मध्ये. संस्था तोवर गोल्डन गेट पार्कमध्ये स्थिरावली होती. इग्नात्झ स्टाइनहार्ट या बँकवाल्याने मत्स्यालय बांधायला देणगी दिली, अट एवढीच की ते चालवण्याचा खर्च शहराने उचलावा. देणगीदार पैसे देतात, इमारत उभी राहते, आणि मग रोजच्या खर्चाला कुणी नसतं, हे आपल्याकडे आपण फार वेळा पाहिलं आहे. स्टाइनहार्टना ते आधीच दिसलं होतं. मत्स्यालय म्हणजे चोवीस तास चालणारी यंत्रणा असते. पाण्याचं तापमान, क्षार, प्राणवायू, माशांच्या मलमूत्रातून येणारा अमोनिया खाऊन टाकणारे जीवाणू, यांतलं एक बिघडलं तरी काही तासांत मासे मरतात.

जुन्या मत्स्यालयात शिरल्याबरोबर मगरींचं डबकं होतं आणि त्याच्या भोवती समुद्रघोड्यांची नक्षी असलेला पितळी कठडा. नव्या इमारतीत डबकं नवं बांधलं, कठडा मात्र तोच आणून बसवला. या डबक्यात २००८ पासून क्लॉड राहत होता. पांढरा शुभ्र, डोळे गुलाबी, जातीने अमेरिकन अॅलिगेटर. रंगद्रव्य नसल्यामुळे त्याला नीट दिसत नसे आणि रानात तो पिल्लू असतानाच कुणाच्या तरी तोंडी गेला असता. तो २०२५ च्या डिसेंबरमध्ये गेला, तिशीत. त्याच्यासाठी शहराने खरोखर शोक केला.

पण या घरातली सर्वांत वडीलधारी रहिवासी वेगळीच आहे. १९३८ मध्ये ऑस्ट्रेलियाहून आलेल्या एका बोटीतून दोनशेहून अधिक मासे अकॅडमीत आले. त्यांतली एक फुप्फुसमासोळी अजून तिथे आहे. तिचं नाव मेथुसेला. बाकीचे सगळे सोबती कधीच गेले. ही जात क्वीन्सलंडच्या नद्यांतली. कल्ले असूनही तिला एक फुप्फुस असतं आणि पाण्यातला प्राणवायू कमी झाला की ती वर येऊन हवा ओढते. हिच्यासारख्या माशांच्याच एका प्राचीन शाखेतून पुढे पाय असलेले प्राणी निघाले, म्हणून या कुळाबद्दल अभ्यासकांना एवढं कुतूहल. मेथुसेलाचं वय किती हे कुणाला ठाऊक नव्हतं, कारण ती आली तेव्हाच मोठी होती. २०२३ मध्ये तिच्या कल्ल्याजवळच्या परांच्या चिमुकल्या तुकड्यातून डीएनएची तपासणी केली, तेव्हा अंदाज निघाला ९२ वर्षांचा, कदाचित शंभराच्याही पुढचा. अंजिरं तिला फार आवडतात आणि पोटावरून हात फिरवून घ्यायलाही. ज्या माणसाने १९३८ मध्ये तिला टाकीत सोडलं तो गेला, त्याच्यानंतरचे सांभाळणारेही निवृत्त झाले, आणि ती पाण्यात सावकाश फिरते आहे.

१७ ऑक्टोबर १९८९ रोजी पुन्हा भूकंप झाला. १९०६ इतका मोठा नव्हे, पण अकॅडमीच्या इमारतींना त्याने तडे दिले. त्या वेगवेगळ्या दशकांत एकमेकींना चिकटवत गेलेल्या इमारती होत्या. डागडुजी करायची की नव्याने बांधायचं यावर बराच खल झाला आणि अखेर इटालियन वास्तुकार रेन्झो पिआनो यांना काम दिलं. चार-पाच वर्षं संस्था शहरातल्या तात्पुरत्या जागेत होती. कोट्यवधी नमुने आणि हजारो जिवंत प्राणी तिकडे हलवले आणि परत आणले. मेथुसेलासुद्धा. नवी इमारत २७ सप्टेंबर २००८ रोजी उघडली.

तिचं छप्पर जगभर गाजलं. अडीच एकरांच्या छपरावर मातीचा थर आणि त्यात सुमारे १७ लाख रोपं, सगळी कॅलिफोर्नियातल्या मूळच्या जातींची. छपराला सात उंचवटे आहेत. त्यांतल्या काहींचे उतार इतके तीव्र की माती घसरून खाली यावी. ती धरून ठेवायला नारळाच्या काथ्याचे हजारो ट्रे वापरले, आणि रोपांची मुळं त्यातून खाली पसरून एकमेकांत गुंतली. पावसाचं बहुतेक पाणी हे छप्पर पिऊन टाकतं. आत गारवा राहतो. भिंतींमध्ये उष्णतारोधक म्हणून जुन्या जीनच्या पँटींचा कापूस भरला आहे. दोन मोठ्या उंचवट्यांखाली तारांगण आणि वर्षावनाचे घुमट आहेत. उंचवट्यांवरच्या गोल खिडक्या आपोआप उघडतात-मिटतात, गरम हवा बाहेर जाते, आणि त्यांतूनच सूर्यप्रकाश खाली झाडांवर आणि त्याही खाली प्रवाळांवर पडतो. शोभेची कल्पना आणि गरजेची कल्पना इथे एकच झाली आहे, असं फार थोड्या इमारतींबद्दल म्हणता येतं.

वर्षावनाच्या घुमटात वळत वर जाणारी वाट आहे, फुलपाखरं मोकळी उडतात, आणि बाहेर पडताना एखादं कपड्यांवर बसून निघालं नाही ना हे तपासतात. घुमटाच्या तळाशी पुरात बुडालेलं अमेझॉनचं जंगल आहे. पण मला सांगायचं आहे ते शेजारच्या प्रवाळ-टाकीबद्दल. पंचवीस फूट खोल, आठ लाख लिटर पाणी, आणि आत फिलिपीन्सच्या समुद्रातल्यासारखे जिवंत प्रवाळ. प्रवाळ जगवणं हे मत्स्यालयाचं सर्वांत अवघड काम. प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या शरीरात राहणारं शैवाल त्याला अन्न पुरवतं, म्हणून प्रकाश पाहिजे. पाणी हलतं पाहिजे, गरम होता कामा नये, आणि फार स्वच्छही चालत नाही आणि गढूळही नाही.

फिलिपीन्स निवडलं त्यामागे कारण आहे. अकॅडमीचे संशोधक तिथे वर्षानुवर्षं जातात. २०११ च्या एकाच मोहिमेत शास्त्राला नव्या असाव्यात अशा तीनशेहून अधिक जाती मिळाल्या. पुढे त्यांनी आणखी खाली जायचं ठरवलं, दोनशे ते पाचशे फुटांच्या पट्ट्यात. इथे उजेड संधिकाळाइतका असतो. साध्या सिलिंडरने पाणबुड्या इतका खाली जाऊ शकत नाही, आणि खोल समुद्रात उतरणाऱ्या नौका इतक्या वर थांबत नाहीत, म्हणून हा पट्टा जवळजवळ कुणी पाहिलेलाच नव्हता. सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणारी उपकरणं घालून ही माणसं खाली उतरतात. तळाशी काही मिनिटं काम करायला मिळतं आणि वर यायला कित्येक तास लागतात, कारण भरभर वर आलं तर रक्तात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होऊन माणूस मरू शकतो.

माशाचंही तसंच. त्याच्या पोटात वाताशय म्हणजे हवेची पिशवी असते. खोल पाण्यातून वर आणलं की दाब कमी होतो, पिशवी फुगते आणि आतले अवयव चेपले जातात. म्हणून खोल पाण्यातले हे मासे मत्स्यालयात सहसा जिवंत दिसत नसत. अकॅडमीच्या लोकांनी मॉन्टेरे बे मत्स्यालयातल्या सहकाऱ्यांबरोबर एक हवाबंद दाबपेटी तयार केली. पाणबुड्या समुद्रातच मासा तिच्यात ठेवतो, पेटी बंद करतो. खालचा दाब तिच्यात तसाच राहतो. वर आणल्यावर दोन-तीन दिवस हळूहळू दाब कमी करत नेतात आणि मासा जिवंत राहतो. २०१६ मध्ये असे मासे प्रेक्षकांनी काचेपलीकडे पाहिले. ज्या पट्ट्याचं अस्तित्वच लोकांना ठाऊक नव्हतं, तिथला रहिवासी डोळ्यांसमोर पोहत होता.

पण मासा नवा आहे हे ठरवायचं कसं? तिथे पुन्हा बाटल्यांतल्या नमुन्यांकडेच जावं लागतं. मालदीवच्या खोल प्रवाळांत गुलाबी-जांभळ्या रंगाचा एक सुरेख मासा १९९० च्या दशकापासून माहीत होता, पण तो दुसऱ्याच एका जातीचा समजला जाई, जिचं वर्णन चागोस बेटांजवळ मिळालेल्या केवळ एका पिल्लावरून झालं होतं. जपलेले नमुने शेजारी ठेवून खवले मोजले, रंग ताडले, तेव्हा ही जात स्वतंत्र ठरली. २०२२ मध्ये तिला नाव मिळालं, मालदीवचं राष्ट्रीय फूल असलेल्या गुलाबावरून. वर्णन करणाऱ्यांत अकॅडमीचे लुइझ रोशा होते आणि मालदीवचे अहमद नजीब. आपल्याच देशातल्या माशाचं शास्त्रीय नामकरण करणारे ते पहिले मालदीवी संशोधक.

जगातल्या सगळ्या माशांच्या शास्त्रीय नावांची नोंदवहीही इथेच सांभाळली जाते. विल्यम एश्मायर या अकॅडमीतल्या मत्स्यशास्त्रज्ञाने आयुष्य घालून ती तयार केली. प्रत्येक नाव कुणी, कधी, कुठे दिलं आणि त्याचा प्रमाण नमुना कुठे आहे हे तीत मिळतं. आज मान्य जाती ३६ हजारांहून अधिक आहेत. महाराष्ट्राचे मासेही तीत आहेत. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या नद्यांतल्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली आणि कित्येकांना कोळ्यांच्या तोंडची नावंच दिली. शिंगटीचं शास्त्रीय नाव म्हणून ‘मिस्टस सींगटी’ आहे. पुण्याच्या नदीत मासेमारी करणाऱ्या माणसांचा शब्द सॅन फ्रान्सिस्कोच्या नोंदवहीत पोचला, आणि त्यांचं स्वतःचं नाव मात्र कुठे लिहिलं गेलं नाही, याची मला खंत वाटते.

सॅन फ्रान्सिस्कोचं स्वतःचंही एक दुःख या संग्रहात आहे. शहर वाळूच्या टेकड्यांवर वसलं. त्या टेकड्यांवर झेर्सिस ब्लू नावाचं लहानसं निळं फुलपाखरू होतं. घरं आणि रस्ते वाढत गेले, त्याची चारावनस्पती संपली, आणि १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला ते शेवटचं दिसलं. माणसामुळे नामशेष झालेलं अमेरिकेतलं ते पहिलं ज्ञात फुलपाखरू. टाचणीला टोचलेले त्याचे नमुने अकॅडमीच्या खणांत आहेत. शिकागोच्या संग्रहालयातल्या ९३ वर्षं जुन्या नमुन्याच्या डीएनएवरून २०२१ मध्ये सिद्ध झालं की ती खरोखरच स्वतंत्र जात होती. मग २०२४ मध्ये अकॅडमीच्या लोकांनी त्याचं जवळचं भावंड असलेलं रुपेरी-निळं फुलपाखरू मॉन्टेरे भागातून आणून शहरातल्याच प्रेसिडिओ उद्यानातल्या पुन्हा राखलेल्या टेकड्यांवर सोडलं. मेलेल्या नमुन्यांनी काय हरवलं ते सांगितलं, जिवंतांना सांभाळण्याच्या अनुभवाने पुढचं काम केलं. एकच संस्था दोन्ही करत असली की हे सोपं जातं.

आफ्रिका दालनाच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. आफ्रिकन पेंग्विन आज अतिसंकटग्रस्त आहेत. तशी नोंद २०२४ मध्ये झाली. मत्स्यालयातल्या पेंग्विनांच्या जोड्या इतर संस्थांशी मेळ घालून, वंशावळ बघून ठरवतात. पिअर नावाच्या एका म्हाताऱ्या पेंग्विनची पिसं झडली तेव्हा त्याला थंडी वाजू नये म्हणून सांभाळणाऱ्यांनी पाणबुड्यांच्या कापडाचा अंगरखा शिवला होता, आणि पिसं परत येईपर्यंत तो घालून तो पोहत असे. एवढी माया करूनही रानातला पेंग्विन संपला तर उरेल तो दालनातल्या सिंहासारखाच, काचेमागे. एकाच फेरीत दोन्ही बघितलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावरचं अस्वल ज्याच्यावरून काढलं तो ‘मोनार्क’ याच उद्यानात पिंजऱ्यात जगला, १९११ मध्ये मेला, आणि कातडं चढवलेल्या रूपात अकॅडमीत आला. त्याची रानातली भावंडं पुढे काही वर्षांतच संपली.

सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत आणि मुलांकडे काही महिने राहायला जाणारे आईवडील त्याहून पुष्कळ. तुम्ही गेलात तर या संस्थेला एक अख्खा दिवस द्या. मासे बघून झाले की ज्या काचेपलीकडे संशोधक नमुने हाताळताना दिसतात तिथेही उभे राहा, आणि नातवंडांना प्रश्न विचारू द्या.

न गेलात तरी एक काम इथे करण्यासारखं आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातला ब्लाटर वनस्पतिसंग्रह १९०६ मधला, म्हणजे ईस्टवूडबाईंचा संग्रह जळाला त्याच वर्षीचा. तो जपला गेला आहे. पण महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या महाविद्यालयांच्या जीवशास्त्र विभागांत फॉर्मलीनच्या बाटल्या, वाळवलेल्या वनस्पतींचे कागद आणि कीटकांच्या पेट्या धूळ खात आहेत. जागा हवी म्हणून त्या फेकल्या जातात. ज्या बाटलीवर गाव आणि तारीख आहे ती बाटली कधीही फेकू नका. तुम्ही तिथे शिकवत असाल, शिकत असाल किंवा माजी विद्यार्थी असाल, तर चिठ्ठ्या पुसट होण्याआधी त्या उतरवून घ्या, फोटो काढा, आणि विभागाला सांभाळणं जमत नसेल तर तो संग्रह बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या संस्थेने पाहावा म्हणून पत्र लिहा.